रिटायरमेंटचे पैसे इथल्या बँकेत ठेवायचे की बाहेर डॉलरमध्ये पाठवायचे?

हातात ३०-४० लाख आलेत, बँकांवर विश्वास उरला नाही, तर सगळे अमेरिकेत पाठवून टाकू का, असं विचारणारे हल्ली घरोघरी आहेत. माझं मत आधीच सांगतो, सरकारच्या भीतीने पैसे बाहेर पाठवू नका, कारण बाहेर गेल्यावर डोक्यावर एकाऐवजी दोन सरकारं येतात.

इथली भीती खोटी नाहीये. आमच्या आत्याची एफडी एका सहकारी बँकेत होती, सकाळी गेली तर शटर अर्धं खाली, त्यावर सेलोटेपने चिकटवलेला इंग्रजी कागद, आणि ती पासबुकाची पिशवी छातीशी धरून उन्हात उभी, कागदावर काय लिहिलंय ते शेवटी एका रिक्षावाल्याने वाचून सांगितलं. बँकिंग कायद्यातलं कलम ३५ए म्हणतात ते हेच, रिझर्व्ह बँकेने एक आदेश काढला की तुमचेच पैसे तुम्हाला काढता येत नाहीत. पीएमसी म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत सप्टेंबर २०१९ ला सुरुवातीला फक्त १००० रुपये काढायची परवानगी होती, पुढे मर्यादा वाढत गेली, पण ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन व्हायला जानेवारी २०२२ उजाडलं. येस बँकेवर मार्च २०२० मध्ये ५०,००० ची मर्यादा आली ती मात्र दोन आठवड्यांच्या आत उठली, कारण तिथे स्टेट बँकेला पुढे केलं. म्हणजे मोठी बँक सरकार सावरतं आणि छोट्या बँकेचा खातेदार चपला झिजवत बसतो, हे कटू आहे पण निर्णय घेताना धरून चाला. ५ लाखांपर्यंतचा विमा आहे, तो एका बँकेतल्या मुद्दल-व्याज मिळून एका माणसाला, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यावर ते पैसे साधारण ९० दिवसांत मिळायला हवेत.

आता बाहेरचं. तिकडची सरकारं बँकेला हात लावत नाहीत असं वाटत असेल तर सायप्रस बघा, युरोपियन युनियनमधला देश, मार्च २०१३ मध्ये जवळजवळ दोन आठवडे बँका बंद आणि बँक ऑफ सायप्रसमध्ये १ लाख युरोच्या वर ज्यांचे होते त्या वरच्या रकमेतले ४७.५ टक्के सरळ शेअर्समध्ये बदलले. ग्रीसमध्ये २०१५ ला एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो काढता येत होते.

शिवाय पैसे पाठवायचा दरवाजा आपल्याच सरकारच्या हातात आहे. एलआरएस, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, आज वर्षाला माणशी २.५ लाख डॉलर पाठवता येतात, पण २०१३ ला रुपया घसरला तेव्हा हीच मर्यादा २ लाखांवरून ७५,००० वर आणली होती. गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, तो आयकर रिटर्नमध्ये वळता होतो खरा पण तोपर्यंत अडकतो.

आणि जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते कोणी सांगतच नाही, तुमच्या नावावर अमेरिकन शेअर्स ६०,००० डॉलरच्या वर असतील आणि तुम्ही वारलात, तर वरच्या रकमेवर अमेरिकन सरकार ४० टक्क्यांपर्यंत इस्टेट टॅक्स, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा कर, लावू शकतं, आपल्यासारख्या तिथे न राहणाऱ्यांनाही. इथे वारसाहक्कावर कर नाही म्हणून हे आपल्या डोक्यातच येत नाही, मग मागे राहिलेल्या बायकोने सत्तरीत तिकडचे फॉर्म भरत बसायचं का.

बाहेर पाठवण्यात अर्थ नाही असंही नाही. २०११ ला डॉलर ४५ च्या आसपास होता, आता ८५ च्या वर गेलाय, त्यामुळे मुलगी परदेशात शिकायला जाणार असेल तर तिच्या खर्चाचा भाग आधीच बाहेर असणं शहाणपणाचं आहे. घरखर्चाचे, औषधपाण्याचे पैसे मात्र रुपयातच राहू द्यात, तीन-चार बँकांत वाटून, सहकारी बँकेत ५ लाखांच्या आतच, व्याज अर्धा टक्का जास्त मिळतंय म्हणून त्याच्या वर नको.

तरीही पाठवणार असाल तर अमेरिकन शेअर्स प्रत्येकाच्या नावावर ६०,००० डॉलरच्या खाली ठेवा, रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता, दरवर्षी भरा कारण ते चुकलं तर १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे, आणि खात्याची सगळी माहिती एका वहीत लिहून बायकोला दाखवून ठेवा.