हिवाळ्याच्या फुलांसाठी हडपसरच्या पुढची नर्सरी: एक पूर्ण सीझन वापरून मग लिहितेय

हा रिव्ह्यू मी मुद्दाम वर्षभर थांबून लिहितेय, कारण नर्सरीतून आणलेलं झाड पहिल्या आठवड्यात सगळ्यांचंच छान दिसतं, खरं काय ते दोन-तीन महिन्यांनी कळतं. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी गेले होते, परवा यंदाच्या सीझनसाठी परत जाऊन आले. नर्सरी सोलापूर रोडला, हडपसर सोडून लोणीच्या बाजूला जाताना आहे. बोर्डावर नाव असं काही नाही, नुसतं "येथे सर्व प्रकारची रोपे मिळतील" एवढंच लिहिलंय, आणि खाली काही तक्रारीही लिहिणार आहे त्यामुळे अजून खाणाखुणा देत नाही. नवरा-बायको दोघं चालवतात, साठीच्या आसपासचे असतील, सगळे त्यांना काका-काकूच म्हणतात.

मी सहकारनगरला राहते, दुसरा मजला, दोन गॅलऱ्या, एक दक्षिणेला एक उत्तरेला, मिळून बावीस कुंड्या. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी उत्तरेच्या गॅलरीत पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस सगळं हौसेनं लावलं होतं आणि एकालाही धड फुलं आली नाहीत, नुसती लांब लांब पिवळट झालेली झाडं, खत घातलं, औषध मारलं, काही उपयोग नाही. तर काकूंनी मला रोप दाखवायच्या आधी पहिला प्रश्न विचारला, "ताई, गॅलरी कुठल्या अंगाला आहे?" मी म्हटलं उन्हाळ्यात उत्तरेला चांगलं ऊन येतं की सकाळ-संध्याकाळ. त्या म्हणाल्या, "ते उन्हाळ्यातलं. दसरा ते होळी सूर्य दक्षिणेला असतो, तुमच्या त्या भिंतीला ऊन लागणारच नाही." इतकी साधी गोष्ट, पण मला तोपर्यंत कुणीही सांगितली नव्हती, आणि मी दोन वर्षं खतालाच दोष देत बसले होते. हिवाळ्याची जवळजवळ सगळी सीझनल फुलं चार-पाच तास थेट ऊन मागतात, त्यामुळे ती सगळी दक्षिणेला, आणि उत्तरेला बेगोनिया, इम्पेशन्स आणि पानांची झाडं, असं त्यांनी तिथल्या तिथे वाटून दिलं. मी उत्तरेसाठी पण गुलाब मागत होते तर चक्क नाही म्हणाल्या, "नेऊ नका, पैसे वाया जातील." विकायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला नको म्हणतो हे मला फार भावलं, खरं सांगायचं तर मी तिथे परत जाते ते यासाठीच.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचं वेळापत्रक. महिने-तारखा नाहीत, सगळं सणांवर. गौरी-गणपती गेले की झेंडू आणि अ‍ॅस्टरचं बी टाकायचं, पितृपक्षात पिटुनिया-पॅन्झीचं, आणि तेही पाऊस थेट पडणार नाही अशा जागी ट्रेमध्ये, कारण परतीचा पाऊस एका संध्याकाळी सगळी कोवळी रोपं झोपवतो. दसऱ्याच्या आसपास पाऊस थांबला की गुलाबाची छाटणी. दिवाळीपर्यंत रोपं कायमच्या कुंडीत. मोगऱ्याला डिसेंबरात पाणी तोडायचं, जानेवारीच्या शेवटी छाटायचा. मला हे कॅलेंडर फार सोयीचं वाटतं, कारण सण लक्षात राहतात, तारखा राहत नाहीत. दसऱ्याच्या तोरणाला घरचा झेंडू हवा असेल तर मात्र बी जुलैतच पडायला हवं होतं, आता तयार रोपंच घ्या.

पिटुनियाचं बी मी स्वतः टाकून बघितलं. आदल्या वर्षी ऑनलाइन मागवलेलं एक पाकीट अजिबात उगवलं नव्हतं, तेव्हा मला वाटलं बी जुनं असेल. काकूंनी सांगितलं की ते बी धुळीसारखं बारीक असतं, त्याला उजेड लागतो, ते मातीत पुरायचंच नाही, ओल्या मिश्रणावर नुसतं भुरभुरायचं आणि पाणी वरून न घालता ट्रे पाण्याच्या ताटात ठेवायचा. मी आधी अर्धा इंच माती लोटत होते वरून. या वेळी तसं केलं आणि ट्रे भरून उगवलं, इतकं की शेजारच्या दोन घरांत वाटलं.

आता शेवंतीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण पुण्यात ही चूक खूप घरांत होत असणार. ऑगस्टमध्ये पिशवीतली छोटी रोपं घेतली, चाळीस रुपयाला एक, सहा घेतली. काकूंनी शेंडे कसे खुडायचे ते दाखवलं, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात आणि झाड पसरट होतं. झाडं झालीही मस्त, हिरवीगार, गच्च. पण दिवाळी आली तरी एक कळी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर काकांचा लगेच फोन, "रात्री त्याच्यावर लाइट पडतो का?" पडतो ना, सोसायटीचा पार्किंगचा मोठा एलईडी बरोबर त्या कोपऱ्यावर आहे, रात्रभर चालू. शेवंतीला कळी धरायला मोठी, अखंड काळोखी रात्र लागते, उजेड पडत राहिला की झाडाला अजून दिवस मोठाच आहे असं वाटतं आणि ते नुसतं पानं वाढवत बसतं. कुंड्या उचलून गच्चीवर टाकीच्या भिंतीआड नेल्या, दिवसा ऊन आणि रात्री पूर्ण अंधार. नोव्हेंबर संपता संपता कळ्या दिसल्या आणि संक्रांतीला सहाही कुंड्या पिवळ्याधमक. सासूबाईंनी हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात घरचं फूल दिलं, त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. एका फोनवर हे निदान झालं, आणि ज्या झाडाचे त्यांनी फक्त चाळीस रुपये घेतले होते त्याच्यासाठी.

गुलाब मात्र मिश्र अनुभव. चार घेतले, एकशेवीस रुपयाप्रमाणे, सगळे डोळा भरलेले, म्हणजे एका गुलाबाच्या खुंटावर दुसऱ्या चांगल्या गुलाबाचा डोळा बसवून केलेलं कलम. डोळा भरलेल्या जागेच्या खालून, म्हणजे खुंटावरून जी फूट येते ती काढून टाकायची हे त्यांनी बजावून सांगितलं होतं, नाहीतर ती जोरात वाढते आणि वरचा चांगला गुलाब मागे पडतो. छाटताना बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर तिरका काप घ्यायचा. हे सगळं केलं, छाटणीपासून साधारण पन्नास दिवसांनी पहिली फुलं आली, तीन झाडांना. चौथं वाळलं. नंतर विचारलं तर काकांनी सरळ कबूल केलं की पुढच्या रांगेतली फुललेली, चकचकीत दिसणारी झाडं त्यांची स्वतःची नाहीत, बाहेरून येतात, नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेली असतात, त्यांना आपल्या हवेची आणि मातीची सवय नसते. हे आधी सांगायला हवं होतं असं मला वाटतं. तुम्ही गेलात तर मागच्या शेडनेटमधलीच रोपं मागा, दिसायला साधी असतात पण टिकतात.

सगळ्यात मोठी तक्रार तयार मातीची. त्यांच्याकडे भरलेल्या पोत्यात मिश्रण मिळतं, मी पाच पोती घेतली आणि तीन आठवड्यांत कुंड्यांमधली माती विटेसारखी घट्ट झाली, पाणी वरच साचून राहायचं. दोन कुंड्यांत तर हुमणीच्या अळ्या निघाल्या, पांढऱ्या, वाकड्या पडलेल्या, मुळं खातात त्या. म्हणजे शेणखत पुरतं कुजलेलं नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांनी वाद न घालता पोती बदलून दिली, पण आणायला मलाच परत जावं लागलं आणि हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा शनिवार गेला. आता मी त्यांच्याकडून फक्त गांडूळखत आणि निंबोळी पेंड घेते, ते दोन्ही चांगलं असतं, आणि मिश्रण घरी करते: दोन घमेली पोयटा माती, एक घमेलं गांडूळखत, एक घमेलं कोकोपीट, वर मूठभर पेंड, तळाच्या भोकावर खापरी. कोकोपीटची वीट भिजवून ते पाणी एकदा तरी पिळून फेकून द्या, त्यात क्षार असतात. जुनी मातीही मी टाकत नाही, उन्हाळ्यात गच्चीवर प्लॅस्टिकवर पसरून चांगली तापवते आणि मग निम्म्याला निम्मं नवीन खत घालून वापरते, त्यानं खर्च खूप कमी झाला.

नावाच्या पट्ट्या नसतात हीही अडचण आहे, मला पांढरा फ्लॉक्स हवा होता आणि फुलल्यावर निघाला मिश्र. दिसला छान, पण मी पांढऱ्यासाठी जागा ठरवली होती. घरपोच टेम्पो मिळतो, त्याचे वेगळे पैसे, आणि टेम्पोवाला कुंड्या गेटपाशीच ठेवून जातो, तेव्हा खाली कुणीतरी माणूस ठेवा.

एक सल्ला मात्र त्यांच्याकडून आलाय आणि मी तो सगळ्यांना सांगते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून आपल्या सगळ्यांना झाडं घ्यावीशी वाटतात, मलाही वाटायचं, आणि आपण बहरातला पिटुनिया घरी आणतो, पण तेव्हा त्याचा सीझन उतरणीला लागलेला असतो, मार्चचं ऊन लागलं की संपला. प्रदर्शन बघायचं ते वही घेऊन, काय आवडलं, कुठला रंग कशाशेजारी चांगला दिसला ते लिहायचं, आणि ती वही घेऊन ऑगस्टमध्ये नर्सरीत जायचं. मी यंदा तसंच केलं. वहीत लिहिलं होतं निळा सॅल्व्हिया आणि त्याच्यापुढे बुटका पिवळा झेंडू, काकूंनी वही हातात घेऊन वाचली आणि म्हणाल्या, "झेंडू दोनदा लावा, तीन आठवड्यांच्या अंतरानं, म्हणजे एकदम फुलून एकदम संपणार नाही. आणि वाळकी फुलं खुडत राहा, बी धरू द्यायचं नाही."

रविवारी गर्दी असते, तेव्हा काकूंना बोलायला वेळ नसतो, त्यामुळे शक्यतो मधल्या वारी सकाळी जा. गॅलरीचा सकाळी नऊचा आणि दुपारी दोनचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्या, त्या तो बघूनच झाड ठरवतात. रोकड ठेवा, क्यूआर कोड आहे पण तिथे रेंज जाते. पाच पैकी चार स्टार देतेय, मातीचा एक कापला. झेंडूचं बी आणून ठेवलंय, गौरी गेल्या की टाकणार, आणि शेवंतीच्या कुंड्या या वेळी आधीच टाकीमागे नेऊन ठेवल्यात.