रेनेसाँस वॅक्स (धातू गंजू नये म्हणून लावायचं मेण) : १८९७ पॅटर्नच्या तलवारीवर दोन वर्षं वापरून

माझ्याकडे ब्रिटिश इन्फन्ट्री ऑफिसरची १८९७ पॅटर्नची, म्हणजे सैन्याने त्या साली ठरवलेल्या नमुन्याची तलवार आहे, पंचम जॉर्जच्या काळातली, विल्किन्सन या तलवारी बनवणाऱ्या कंपनीची. पात्याच्या पाठीवर मुठीला लागूनच बारीक नंबर ठोकलाय, त्यावरून कंपनीच्या जुन्या नोंदवह्यांमधे ती कधी बनली ते कळतं, नशीब असेल तर पहिल्या मालकाचं नावसुद्धा. तो नंबर घासला गेला की सगळंच गेलं.

हे मी ठेच खाऊन शिकलोय. आधीची तलवार एका दुकानातून घेतली, त्यांनी मशीनवर बफ करून आरशासारखी केलेली, मी नवखा, चकाकी बघूनच पैसे मोजले. घरी खिडकीपाशी तिरकी धरली तर पात्यावरची नक्षी नुसती सावलीएवढी उरलेली. ती ॲसिडने अगदी वरवर कोरलेली असते हो, परत नाही येत. अजूनही वाईट वाटतं.

म्हणून आता पॉलिश बंद, फक्त हे वॅक्स. मूळचं ब्रिटिश म्युझियममधे तयार झालेलं. सुती फडक्यावर नखाएवढं घ्यायचं, पातळ फिरवायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं, उशीर केला की ओढल्यासारखे पट्टे दिसतात. पूर्वी इंग्लंडच्या या दमट हवेत पातं हातात घेतलं की आठवड्याभरात बोटांचे तपकिरी ठसे उमटायचे, दोन वर्षांत एकही नाही. आधीच्या १८९५ पॅटर्नच्या परजेची (हात झाकणाऱ्या मुठीवरच्या पत्र्याची) आतली कड सपाट होती, युनिफॉर्मला घासायची, म्हणून १८९७ ला ती खाली वळवली, आणि नेमकी त्या वळणात ओल बसते, तिथे कानकाडीने लावा.

मुठीच्या माशाच्या कातड्यावर मात्र जपून, दाण्यांमधे पांढरं साचतं आणि मऊ ब्रशने काढता काढता नाकी नऊ येतात. शिवाय गंज याने निघत नाही, आधी काढावा लागतो. वास उग्र आहे, खिडकी उघडी ठेवा. डबी महाग वाटेल पण माझी २०० मिलीची अजून अर्धीसुद्धा झाली नाही.

पाचपैकी साडेचार. आणि वॅक्स लावलंय म्हणून तलवार चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका, चामडं ओल धरतं, मी दोन्ही वेगवेगळी ठेवतो.