थायलंडचा 90 दिवसांचा ऑनलाइन रिपोर्ट: नोंदी जुळल्या तर पाच मिनिटे, नाहीतर काउंटर

थायलंडमध्ये नोकरी, शिक्षण, लग्न, निवृत्ती, कोणत्याही कारणाने मुक्काम ठोकलेला असो. देशात सलग 90 दिवस झाले की परदेशी माणसाने आपला राहता पत्ता इमिग्रेशनला कळवायचा असतो. 1979च्या इमिग्रेशन कायद्यातल्या 37व्या कलमाने घातलेली ही अट आहे. अर्जाचे नाव टीएम 47, फी शून्य. हेच काम घरबसल्या करून देणारी इमिग्रेशन ब्युरोची वेबसाइट, टीएम47 डॉट इमिग्रेशन डॉट जीओ डॉट टीएच, हिचे हे परीक्षण. पत्त्याच्या शेवटी 'जीओ डॉट टीएच' नसेल आणि पैसे मागत असेल, तर ती सरकारी वेबसाइट नाही.

आधी गुण देऊन टाकतो. एकाच घरात, एकाच पासपोर्टवर, मध्ये परदेशवारी न करता राहणाऱ्यांसाठी पाचपैकी चार. नुकतेच घर किंवा पासपोर्ट बदललेल्यांसाठी, किंवा कालच बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरलेल्यांसाठी पाचपैकी दोन. एवढा फरक पडण्याचे कारण एकच: तुम्ही भरलेले प्रत्येक अक्षर इमिग्रेशनकडे आधीपासून असलेल्या नोंदीशी ताडून पाहिले जाते. तुमचे म्हणणे खरे आहे का, यापेक्षा ते त्यांच्या नोंदीशी जुळते का, याला इथे महत्त्व. हे एकदा डोक्यात बसले की बहुतेक अडचणी आधीच कळतात.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच काढायला हवा. रिपोर्ट मंजूर झाला म्हणून व्हिसा वाढत नाही. मुक्कामाची मुदत पासपोर्टातल्या शिक्क्यावर असते. ती वाढवायला टीएम 7 अर्ज आणि 1,900 थाई बात लागतात. रिपोर्ट वेळेवर, पण शिक्क्याची तारीख उलटलेली, असे झाले तर ओव्हरस्टेचा (मुदतीपेक्षा जास्त राहण्याचा) दंड दिवसाला 500 बात, कमाल 20,000. दोन्ही तारखा वहीत वेगवेगळ्या मांडा. एक सवलत आहे: मुक्काम वाढवण्याचा पहिला अर्ज हाच 90 दिवसांचा रिपोर्ट धरला जातो. ती पहिल्याच वेळी. दरवर्षीच्या एक्स्टेन्शनबरोबर रिपोर्टही उरकला असे समजणारे पुढे दंड भरतात.

आता मोजणी. देशात आलेला दिवस हा पहिला दिवस. 1 मार्चला आलात तर 90वा दिवस 29 मे. इमिग्रेशन कार्यालयाच्या काउंटरवर रिपोर्ट देण्याची मुभा त्याआधी 15 दिवस ते त्यानंतर 7 दिवस, म्हणजे 14 मे ते 5 जून. ऑनलाइनची खिडकी यापेक्षा अरुंद आहे: मुदतीआधी 15 ते 7 दिवस हा सुरक्षित काळ, म्हणजे 14 ते 22 मे. नंतरचे सात दिवस ऑनलाइनवाल्यांसाठी नाहीतच. खिडकी उघडली त्याच दिवशी भरावे हे उत्तम, कारण अर्ज नाकारला गेला तर काउंटर गाठायला हाताशी दोन-तीन आठवडे उरतात. सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, सुट्ट्या 13 ते 15 एप्रिल आणि वर्षअखेरच्या सुट्ट्या या खिडकीत येत असतील तर हा नियम दुप्पट पाळा. अर्ज माणूसच तपासतो, आणि तो माणूस सुट्टीवर जातो.

देशाबाहेर पडलात की मोजणी संपते. परत आलात की पुन्हा पहिला दिवस. त्यामुळे दर दोन महिन्यांनी भारतात चक्कर मारणाऱ्याला हा रिपोर्ट कधीच द्यावा लागत नाही. एक्स्टेन्शनवर असाल तर बाहेर पडण्यापूर्वी टीएम 8 भरून री-एंट्री परमिट (परत येण्याचा परवाना) मात्र घ्या: एका खेपेसाठी 1,000 बात, अनेक खेपांसाठी 3,800. ते न घेता विमानात बसलात तर एक्स्टेन्शन रद्द होते आणि रिपोर्टचा प्रश्नच उरत नाही.

पहिला रिपोर्ट ऑनलाइन चालत नाही, तो काउंटरवरच. नवा पासपोर्ट निघाला की त्यानंतरचा पहिलाही तसाच, कारण नोंद जुन्या क्रमांकावर असते आणि वेबसाइटला दोन्ही क्रमांक एकाच माणसाचे आहेत हे ठाऊक नसते. बँकॉकमधल्या भारतीय दूतावासातून पासपोर्टचे नूतनीकरण केले असेल तर आधी इमिग्रेशनमध्ये जाऊन जुन्या पासपोर्टातले शिक्के नव्यात उतरवून घ्या आणि त्याच फेरीत रिपोर्टही द्या.

वेबसाइटवर खाते उघडायला ईमेल, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख एवढे पुरते. खरी मेख नावाच्या रकान्यात आहे, आणि ती मराठी माणसाला हटकून लागते. आपल्या पासपोर्टात स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव 'गिव्हन नेम'मध्ये एकत्र बसलेले असते, आडनाव तेवढे वेगळे. टीएम 47 मध्ये मात्र नाव, मधले नाव आणि आडनाव असे तीन रकाने. हात आपोआप वडिलांचे नाव मधल्या रकान्यात टाकतो. पण विमानतळावर पासपोर्ट वाचला जातो तो फोटोच्या पानाच्या तळाशी असलेल्या दोन ओळींवरून, आणि त्या ओळींत मधले नाव असा वेगळा प्रकार नसतो. तेव्हा काउंटरवर मिळालेली पहिली पावती समोर ठेवा आणि नाव तिच्यावर जसे आहे तसे, त्याच क्रमाने भरा. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोराच असेल, तर ऑनलाइनच्या वाटेला जाण्यापूर्वी काउंटरवर विचारून घेतलेले बरे.

तारखांच्या बाबतीत एवढेच सांभाळा की थाई कागदांवर बौद्ध वर्ष असते. ते आपल्या वर्षापेक्षा 543 ने पुढे: 2568 म्हणजे 2025. भाडेकरारावरून तारीख उतरवताना हा घोळ हमखास होतो.

सर्वात जास्त अर्ज कशावर अडत असतील तर ते पत्त्यावर, म्हणून इथे जरा थांबतो. थाई पत्ता असा उतरतो: घर क्रमांक, मू (म्हणजे वाडी-वस्तीचा क्रमांक), सॉय (गल्ली), थानोन (रस्ता), मग तांबोन (उपजिल्हा), आंफूर (जिल्हा), चांगवाट (प्रांत). बँकॉकमध्ये तांबोनऐवजी ख्वेंग आणि आंफूरऐवजी खेत. वेबसाइटवर प्रांत, जिल्हा, उपजिल्हा हे यादीतून निवडायचे असतात, बाकीचे टंकायचे. कॉन्डोत राहणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे दारावरचा खोली क्रमांक घर क्रमांक म्हणून टाकणे. दारावर 1204 असेल, पण सरकारी घर क्रमांक 88/156 अशा धाटणीचा, तिरप्या रेघेचा असतो. तो भाडेकरारात असतो, नाहीतर घरमालकाकडच्या निळ्या 'थाबियन बान' या घरनोंदणी पुस्तिकेत.

दुसरी चूक जिल्ह्याची. बँकॉकच्या मध्यवर्ती भागात सुखुमवित रस्त्याच्या विषम क्रमांकाच्या गल्ल्या वधाना जिल्ह्यात येतात आणि समोरच्या सम क्रमांकाच्या ख्लोंग तोईमध्ये. पिनकोड दोन्हीकडे 10110, त्यामुळे त्यावरून काही उलगडत नाही. वर वधाना जिल्ह्यात 'ख्लोंग तोई नुआ' नावाचा उपजिल्हा आहे, म्हणजे गोंधळाला सरकारी मान्यताच! शिवाय थाई नावांचे रोमन स्पेलिंग जो तो आपल्या मर्जीने करतो. वधाना कुठे 'व्ही' ने सुरू होते, कुठे 'डब्ल्यू' ने. यादीत नाव सापडले नाही तर दुसऱ्या स्पेलिंगने शोधा. जवळचा वाटणारा दुसरा जिल्हा निवडून मोकळे होऊ नका.

पत्ता जुळवायचा तो कशाशी? टीएम 30 शी. परदेशी माणूस राहायला आला की 24 तासांच्या आत तशी नोंद करणे ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे, भाडेकरूची नाही. न केल्यास दंडही त्यालाच, 2,000 बातपर्यंत. प्रत्यक्षात छोट्या मालकांना हे माहीत नसते, किंवा भाड्याचे उत्पन्न उघड होईल म्हणून ते टाळतात, आणि अडकतो भाडेकरू. म्हणून करारावर सही करण्यापूर्वीच टीएम 30 ची पावती मिळेल असे कबूल करून घ्या. घर बदलले की आधी नवी टीएम 30, मगच रिपोर्ट. हा क्रम उलटा केला तर अर्ज परत येण्याचीच शक्यता जास्त. ऑनलाइन फॉर्ममध्ये पत्ता टीएम 30 च्या पावतीवर आहे तसाच टाका, तिच्यात सॉयचे नाव विचित्र लिहिले असेल तर तेही तसेच. सुधारणा करायची तर ती टीएम 30 मध्ये करून घ्या.

प्रवासाहून आल्यावरची पहिली नोंद हा आणखी एक कच्चा दुवा. फॉर्ममध्ये शेवटच्या प्रवेशाची तारीख विचारतात. तिथे जुनी तारीख राहून गेली तर अर्ज नामंजूर. 1 मे 2025 पासून कागदी टीएम 6 कार्डाची जागा टीडीएसी या डिजिटल आगमन कार्डाने घेतली आहे. ते उतरण्याआधीच्या तीन दिवसांत फुकट भरायचे असते आणि त्यातही राहण्याचा पत्ता विचारतात. तिथे आळसाने हॉटेलचे नाव न टाकता घरचाच पत्ता द्या.

अर्ज पाठवला की स्थिती आधी 'पेंडिंग', नंतर 'अप्रूव्हड' किंवा 'रिजेक्टेड'. मंजुरी सहसा कामाच्या काही दिवसांत येते आणि पावतीची पीडीएफ मिळते. ती छापून पासपोर्टात ठेवा. पावतीवर पुढच्या रिपोर्टची तारीख छापलेली असते, तीच खरी. अर्ज भरल्या दिवसापासून स्वतः 90 मोजत बसू नका. नाकारल्याचे कारण मात्र बरेचदा इतके मोघम असते की चूक नावात होती की पत्त्यात, हे आपणच ताडायचे. या सेवेचा एक गुण माझ्याकडून कापला गेला तो इथे. वेबसाइट अधूनमधून बंद असते, हे जमेस धरूनच खिडकीच्या पहिल्या दिवसाचा आग्रह. शंका असेल तर इमिग्रेशनचा हेल्पलाइन क्रमांक 1178.

दुसऱ्यांदा नाकारले तर हट्ट सोडा आणि काउंटर गाठा. बँकॉकवाल्यांसाठी तो चेंग वत्थना रस्त्यावरच्या सरकारी संकुलात, बी इमारतीत आहे. गुलाबी मार्गिकेच्या मोनोरेलने 'गव्हर्नमेंट कॉम्प्लेक्स' स्टेशनला उतरायचे. बीटीएस या उन्नत रेल्वेच्या सुखुमवित मार्गिकेने आलात तर वात फ्रा सी महाथात इथे बदलता येते. त्याच मोनोरेलवर दुसऱ्या टोकाला 'नोंथाबुरी सिव्हिक सेंटर' नावाचे स्टेशन आहे. नाव सरकारी वाटले तरी तिथे उतरू नका, ते वेगळेच ठिकाण. वेळ 8.30 ते 4.30, पण 12 ते 1 जेवणाची सुट्टी काटेकोर पाळली जाते. इतर प्रांतांत राहणाऱ्यांनी आपापल्या प्रांताच्या कार्यालयात जायचे. चियांग माईचा रहिवासी सहलीला आला म्हणून त्याचा रिपोर्ट फुकेत घेणार नाही.

सोबत भरलेला टीएम 47, मूळ पासपोर्ट, आणि झेरॉक्स: फोटोचे पान, व्हिसा, शेवटचा प्रवेश शिक्का, शेवटचे एक्स्टेन्शन, मागची पावती. प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईने सही. मागतीलच असे नाही, पण मागितली आणि नसली की पुन्हा रांग. विशेष म्हणजे स्वतः जायची सक्ती नाही, अधिकार देऊन दुसऱ्याला पाठवता येते. एजंटांचा धंदा याच मुभेवर चालतो. पहिल्या रिपोर्टला किंवा पासपोर्ट बदलल्यावर एजंटला पैसे देणे मी समजू शकतो. दर तीन महिन्यांनी एका फुकट अर्जासाठी देणे म्हणजे चैन आहे.

पोस्टाचाही मार्ग आहे. मुदतीच्या किमान 15 दिवस आधी, रजिस्टर्ड पोस्टाने, मूळ पासपोर्ट सोडून वरचीच कागदपत्रे आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेला लिफाफा. पोस्टाची पावती फेकू नका. संगणकाशी वाकडे असलेल्या ज्येष्ठांसाठी ठीक, बाकीच्यांना यात ऑनलाइनपेक्षा सरस काही नाही.

मुदत आणि वरचे सात दिवसही हुकले तर स्वतःहून काउंटरवर गेल्यास दंड 2,000 बात. तपासणीत पकडले गेल्यास कायद्यानुसार 5,000 पर्यंत, शिवाय दिवसाला 200 पर्यंत. उशिराचा अर्ज ऑनलाइन पुन्हा पुन्हा टाकून बघणे हा निव्वळ कालापव्यय, कारण दंड भरायची सोय काउंटरवरच आहे. एलटीआर (दीर्घकालीन रहिवासी) व्हिसावाल्यांना हा सगळा खटाटोप वर्षातून एकदाच. पाच वर्षांच्या डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड) व्हिसावर एका प्रवेशात 180 दिवस मिळतात, म्हणून आपल्याला रिपोर्ट लागू नाही असे काहींना वाटते; 90 दिवस सलग राहिलात तर तुम्हालाही लागू आहे.