आउटबोर्ड भर समुद्रात दम सोडतंय: जुनं टू-स्ट्रोक ठेवावं की फोर-स्ट्रोक घ्यावं?

नारळी पौर्णिमेला नारळ पाण्यात पडला की पुढच्या पंधरा दिवसांत मला एकाच छापाचे फोन येतात. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर टांगलेलं मशीन, एका दोरीत चालू होतं, खाडीतून नीट बाहेर पडतं, पण उघड्या पाण्यात थ्रॉटल फिरवला की त्याचा घसा बसतो. आणि पुढचं वाक्य ठरलेलं: ‘विकतोच आता हे टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक घेऊ ना?’

मी मालवणजवळच्या देवबागला एकाच 19 फुटी फायबर होडीवर दोन्ही चालवली आहेत: पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागणारं टू-स्ट्रोक, आणि ज्याचं ऑइल आत वेगळं असतं ते फोर-स्ट्रोक. आठ वर्षं 15 एचपीचं टू-स्ट्रोक, आणि गेली तीन वर्षं 15 चंच फोर-स्ट्रोक. दोघांनीही मला बाहेर दगा दिलाय. त्यामुळे सरळ उत्तर देण्याआधी मी एकच विचारतो: बिघाड नक्की मशीनचाच आहे ना? कारण नवीन मशीन घेतलं तरी टाकी जुनीच राहते, पाइप जुनाच राहतो, आणि दम तिथूनच जात असेल तर एवढा पैसा घालूनही पुढच्या ऑगस्टात तुम्ही तिथेच डुलत बसणार.

टू-स्ट्रोकच्या सहाव्या की सातव्या वर्षी निवतीच्या बाजूला सुरमईसाठी गळ ओढत चाललो होतो. सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, अजून पडला नव्हता. मशीन अचानक अर्ध्यावर आलं. जोर दिला की बंद पडायला बघायचं, कमी केला की कण्हत चालायचं. मी लगेच कव्हर काढून प्लगचा पाना शोधायला लागलो. सोबत गावातले एक जुने तांडेल काका होते. त्यांनी आधी नांगर टाकला (मतलई होडीला किनाऱ्यापासून लांब ढकलतो, आणि बिघाड शोधता शोधता किनारा कधी बारीक झाला ते कळत नाही) आणि मग म्हणाले, ‘रे, फुगो दाबून बघ आधी.’

फुगो म्हणजे टाकी आणि मशीन यांच्या मधल्या पेट्रोल पाइपवरचा रबरी बल्ब. तो दाबत राहिलं की मशीन उठायचं, सोडला की अर्ध्या मिनिटात परत बसायचं. काकांनी पाइप बोटांनी चाचपत नेला आणि टाकीच्या कपलिंगपाशी थांबले. क्लिपच्या खाली केसाएवढी चीर होती. ‘मशिनीक काय एक झाला नाय, पायप वारो खाता.’ तिथून पेट्रोल गळत नव्हतं, कारण त्या भागात पंप ओढत असतो. उलट बाहेरची हवा आत जात होती. काकांनी दोन बोटं पाइप कापला, परत बसवला, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली, आणि आम्ही दुपारपर्यंत गळ ओढला.

तेव्हापासून मी बल्ब डॉक्टरने नाडी धरावी तसा धरतो. बल्ब चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय किंवा टाकीतली जाळी तुंबलीय. बल्ब लुळा आणि दाबल्यावर मशीन उठतं, तर पाइप हवा खातोय किंवा फ्युएल पंपाचा पडदा गेलाय. बल्ब दगडासारखा कडक, तरीही मशीनमध्ये जोर नाही, तरच कव्हर उघडा: फिल्टर, कार्ब्युरेटर, प्लग. हे तिन्ही निदान टू-स्ट्रोकला लागू आणि कार्ब्युरेटरच्या फोर-स्ट्रोकलाही.

आणखी दोन गोष्टी मशीन न उघडता दिसतात. मशीनमधून पडणारी, त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली असेल तर खालच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बसलेली असते, नाहीतर आतला पाणी ओढणारा रबरी इम्पेलर झिजलेला असतो. मशीन बोंबलतंय, पण होडी पुढे जात नाही, असं असेल तर पंख्याच्या मधलं रबर घसरतंय. पंख्यामागे तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) अडकलेली असेल तर ती लगेच काढा. ती हळूहळू शाफ्टचं सील कापते आणि गिअरच्या ऑइलमध्ये खारं पाणी शिरतं.

इतकं सगळं बघून बिघाड मशीनमध्येच निघाला, तर आता तुलना करू.

टू-स्ट्रोकची मोठी जमेची बाजू म्हणजे त्याचं साधेपण. 15 एचपीचं मशीन साधारण 36-37 किलोचं, एकटा माणूस खांद्यावर टाकून वाळूतून घरी नेतो. कार्ब्युरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीचा तळाचा स्क्रू सोडला की आतला गाळ आणि पाणी बाहेर येतं. हे मी डुलत्या होडीत केलंय. दोन सिलिंडरपैकी एकच चालत असेल तर काळा पडलेला प्लग बदलायला पाच मिनिटं. देवबागपासून आचऱ्यापर्यंत कुठल्याही बंदरावर त्याला हात लावणारा माणूस सापडतो.

त्याचा शत्रू म्हणजे पावसाळ्यातली मासेमारीबंदी. 1 जून ते 31 जुलै होडी वर ओढलेली, मशीन कोपऱ्यात, आणि वाटीत उरलेलं पेट्रोल सुकून त्याचा चिकट राळेसारखा थर झालेला. मेन जेट, म्हणजे जोराला पेट्रोल सोडणारं बारीक भोक, अर्धा बुजला की मशीन आयडलला गोड चालतं आणि जोराला मरतं. ऑगस्टातले फोन बहुतेक याचेच असतात. उपाय मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी करायचा असतो: पाइप काढून मशीन बंद पडेपर्यंत चालवायचं, वाटी रिकामी करायची. यासाठी नवीन मशीन घ्यायची गरज नाही.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि आउटबोर्डच्या बहुतेक मॅन्युअलमध्ये 10 टक्क्यांपर्यंतचीच मुभा असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. खाऱ्या हवेत महिनाभर अर्धी टाकी ठेवली तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर बसू शकतो, आणि पाइप नेमका तळातूनच ओढतो. फोर-स्ट्रोकमध्ये यामुळे मशीन बंद पडेल. टू-स्ट्रोकमध्ये मामला अधिक वाईट, कारण त्या थरात तुम्ही मिसळलेलं ऑइल नसतं. मशीन कोरडं चालून जाम होऊ शकतं. आठवड्याला पुरेल तेवढंच पेट्रोल भरा आणि पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर पाइपवर बसवा.

फोर-स्ट्रोकचा सगळ्यात मोठा फायदा मला गळ ओढताना कळला. हळू वेगात तासन्‌तास चालवा, प्लग काळे होत नाहीत, धूर नाकात जात नाही, शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं. पूर्ण जोराला 15 चं टू-स्ट्रोक तासाला 6-7 लिटर पितं, तर फोर-स्ट्रोक पाच-साडेपाचच्या आसपास. हळू चालवताना फरक याहून जास्त पडतो. 50 लिटरला 1 लिटर ऑइल मिसळण्याची कटकटही नाही.

पण हे मशीन दम सोडतं त्याची कारणं वेगळीही असतात. दुसऱ्याच हंगामात आचऱ्यासमोर माझं फोर-स्ट्रोक एकदम मंद झालं, थ्रॉटल कितीही फिरवला तरी ढिम्म. बल्ब ठीक, पाण्याची धार ठीक. तेवढ्यात लाल दिवा दिसला. ऑइलचं प्रेशर पडलं की ही मशीनं स्वतःच आरपीएम धरून ठेवतात, काही मॉडेल तापल्यावरही. डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. आत ऑइल असतंच जेमतेम लिटरभर, आणि मी मागच्या दोन फेऱ्यांत पाहिलंच नव्हतं. चूक माझी. बाटलीतलं ऑइल ओतलं, दिवा गेला. टू-स्ट्रोकने असा दिवा लावला नसता, पण पेट्रोलमध्ये ऑइल घालायला विसरलो असतो तर त्याने सरळ पिस्टन पकडला असता. कुठला स्वभाव चालेल ते तुम्ही ठरवा.

वजनाचा हिशोबही धरा: 15 चं फोर-स्ट्रोक 45 ते 52 किलोपर्यंत जातं. मशीन रोज काढून घरी नेणार असाल तर कंबर आत्ताच विचारून घ्या. आणि ते कसंही आडवं टाकता येत नाही. चुकीच्या कुशीवर ठेवलं की ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं.

ईएफआयवाली, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी फोर-स्ट्रोक मशीनं घ्यावीत का? वाटी नाही, जेट नाही, त्यामुळे बंदीनंतरची रड कमी. काही छोटी मॉडेल बॅटरीशिवायही दोरीने चालू होतात. मात्र इंजेक्टरपर्यंत पाणी गेलं की होडीत बसून करण्यासारखं फारसं काही उरत नाही. मेकॅनिक सेन्सर वाचणारं यंत्र घेऊन येणारा हवा. जवळच्या बंदरावर तसा माणूस नसेल तर मी तरी आज घेणार नाही.

माझा कौल असा. आठवड्यातून एकदा खाडीत आणि खाडीच्या तोंडाशी जाणाऱ्याने जुनं टू-स्ट्रोक विकू नये. नवीन पाइप, नवीन बल्ब, इम्पेलर, कार्ब्युरेटरची सफाई, दोन प्लग. एवढ्यावर ते परत उठतं. हंगामभर रोज दूरवर गळ ओढणाऱ्याने फोर-स्ट्रोक घ्यावं, तेही कार्ब्युरेटरचं, आणि पहिल्या 20 तासांनी व मग दर 100 तासांनी ऑइल बदलायची शिस्त असेल तरच. सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलेलं (आत दाब धरत नसलेलं) टू-स्ट्रोक मात्र कोणी दुरुस्त करून ठेवू नका. तो खर्च थांबत नाही. मशीन कुठलंही असो, होडीत वल्ही, नांगर आणि लाइफ जॅकेट हवंच, आणि तटरक्षक दलाचा 1554 फोनमध्ये सेव्ह केलेला.

घ्यायचं ठरलंच तर दुकानात जाण्याआधी होडीच्या मागच्या फळीची उंची मोजा. 15 इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, 20 इंच असेल तर लाँग. उंच फळीवर आखूड शाफ्ट बसवला की लाटेवर पंखा हवा खातो, मशीन किंचाळतं, होडी थांबते, आणि बिचारा मालक परत बल्ब दाबत बसतो.