कोकेनची चाचणी: रक्त, लाळ, लघवी की केस?

कोकेन शरीरात किती दिवस सापडते, या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. नमुना कशाचा घेतला, प्रयोगशाळेने त्यात नेमका कोणता पदार्थ शोधला आणि किती प्रमाणाखालचा निकाल निगेटिव्ह धरायचा असे ठरवले, यावर ते उत्तर काही तासांपासून तीन महिन्यांपर्यंत बदलते. घरातल्या माणसाच्या उपचारासाठी चाचणी निवडणारे कुटुंब, रुग्णाचा पाठपुरावा करणारे डॉक्टर, कर्मचाऱ्यांसाठी धोरण आखणारी संस्था आणि स्वतः व्यसन सोडू पाहणारी व्यक्ती या सर्वांना जाणून घ्यायचे असते ते वेगवेगळे असते. म्हणून कोणती चाचणी सर्वांत मागचे दाखवते हे पाहण्याआधी आपल्याला कोणत्या काळाबद्दल विचारायचे आहे हे ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. जितका मागचा काळ दिसेल तितकी चाचणी चांगली, असे गृहीत धरून केसांची चाचणी मागण्याकडे अनेकांचा कल असतो. उपचार चालू असताना ही निवड बहुतेक वेळा रुग्णाच्या विरोधात जाते.

मुळात कोकेन स्वतः रक्तात फार काळ टिकत नाही. त्याचे अर्धायुष्य साधारण एक तासाचे आहे, म्हणजे दर तासाला त्याचे रक्तातील प्रमाण सुमारे निम्म्यावर येते. रक्तातील आणि यकृतातील एस्टरेज प्रकारची एन्झाइम्स त्याचे विघटन करतात आणि त्यातून मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात: बेंझॉइलएक्गोनिन आणि एक्गोनिन मिथाइल एस्टर. यांतील बेंझॉइलएक्गोनिनला नशा आणण्याची क्षमता जवळपास नसते, पण त्याचे अर्धायुष्य सुमारे 6 ते 8 तासांचे असल्यामुळे ते बराच काळ सापडत राहते, आणि म्हणूनच बहुतेक चाचण्या कोकेनऐवजी त्याचाच शोध घेतात. कोकेनबरोबर दारू घेतली असेल तर यकृतात कोकाएथिलीन नावाचा तिसरा पदार्थ तयार होतो. तो कोकेनपेक्षा अधिक काळ टिकतो आणि हृदयाला अधिक घातक असतो, त्यामुळे अहवालात त्याचा उल्लेख दिसला तर तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावा.

रक्ताची चाचणी सर्वांत अलीकडचा काळ दाखवते. त्यात मूळ कोकेन साधारण 12 तासांपर्यंत आणि बेंझॉइलएक्गोनिन एक ते दोन दिवस सापडते. अपघातानंतरचा तपास किंवा रुग्णालयातील तातडीचा प्रसंग असेल तर रक्ताला पर्याय नाही, कारण त्या घडीला शरीरात काय फिरत होते हे तेच सांगू शकते. मात्र एक अडचण अशी की रक्त काढल्यानंतरही नळीतील एन्झाइम्सचे काम थांबत नाही. नमुना साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला पडून राहिला तर त्यातले कोकेन हळूहळू नाहीसे होते आणि अहवाल वास्तवापेक्षा कमी प्रमाण दाखवतो. यासाठी या एन्झाइम्सना रोखणारे सोडियम फ्लोराइड घातलेली, करड्या टोपणाची नळी वापरतात आणि नमुना थंडीत ठेवतात. रक्ताचा अहवाल निर्णायक ठरणार असेल तर नमुना कोणत्या नळीत घेतला आणि तपासणीपर्यंत कसा ठेवला, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

लाळेची चाचणी काळाच्या दृष्टीने रक्ताच्या जवळची, म्हणजे साधारण एक ते दोन दिवसांची आहे. लाळ रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असल्यामुळे अल्कधर्मी कोकेन तिच्यात ओढले जाते, त्यामुळे येथे मूळ कोकेनही चांगले सापडते. सर्वांसमक्ष नमुना घेता येणे ही तिची खरी जमेची बाजू आहे. नमुना देणाऱ्याला संकोच वाटत नाही आणि नमुन्याबद्दल वादही कमी होतात. परंतु कोकेनमुळे तोंडाला कोरड पडते आणि पुरेशी लाळ मिळायला वेळ लागतो. शिवाय नाकावाटे किंवा धूम्रपानाद्वारे सेवन केले असेल तर पहिले काही तास तोंडात उरलेल्या अंशामुळे प्रमाण फार मोठे दिसते, म्हणून त्या आकड्यावरून रक्तातील प्रमाणाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

लघवीची चाचणी सर्वाधिक वापरली जाते, आणि माझ्या मते बहुतेक निर्णयांसाठी तीच योग्य असते. एखाद्या वेळी सेवन केले असेल तर बेंझॉइलएक्गोनिन साधारण दोन ते चार दिवस सापडते. दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणात सेवन करणाऱ्यांच्या ऊतींमध्ये कोकेन साठत जाते आणि तेथून सावकाश बाहेर पडते, त्यामुळे सेवन थांबवल्यावरही 10 ते 14 दिवस निकाल पॉझिटिव्ह येऊ शकतो. उपचाराच्या पहिल्या दोन आठवड्यांतील पॉझिटिव्ह निकाल पाहून रुग्णाला खोटे ठरवण्याआधी ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. यातून मार्ग काढता येतो: बेंझॉइलएक्गोनिनचे नेमके प्रमाण मोजून त्याला लघवीतील क्रिएटिनिनने (स्नायूंतून सतत तयार होऊन लघवीतून बाहेर पडणाऱ्या टाकाऊ पदार्थाच्या प्रमाणाने) भागले की लघवी पातळ किंवा दाट असल्यामुळे पडणारा फरक बराचसा निघून जातो. लागोपाठच्या नमुन्यांत हे गुणोत्तर उतरत गेले तर जुने कोकेन बाहेर पडत आहे असे समजावे, आणि ते मध्येच स्पष्टपणे वर चढले तर नव्या सेवनाची शक्यता धरावी. केवळ पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह एवढेच लिहिलेल्या अहवालातून हा फरक कळत नाही.

मर्यादेचा आकडाही येथे महत्त्वाचा आहे. प्राथमिक चाचणीसाठी 300 किंवा 150 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या मर्यादा प्रचलित आहेत. एकच नमुना पहिल्या मर्यादेने निगेटिव्ह आणि दुसऱ्या मर्यादेने पॉझिटिव्ह ठरू शकतो, म्हणून दोन प्रयोगशाळांच्या निकालांची तुलना करताना मर्यादा सारखी आहे ना, हे आधी पाहावे. घरी वापरायच्या पट्टीबाबत एक गोंधळ वारंवार होतो. या पट्टीवर चाचणीच्या जागी रेष उमटली तर निकाल निगेटिव्ह असतो, मग ती रेष कितीही फिकट असो. रेष अजिबात न उमटणे म्हणजे पॉझिटिव्ह, आणि तेही नियंत्रणाची रेष, म्हणजे पट्टी नीट काम करत असल्याचे दाखवणारी दुसरी रेष, उमटली असेल तरच. गर्भधारणेच्या पट्टीची सवय असलेल्या घरात हा निकाल नेमका उलटा वाचला जातो, आणि त्या एका चुकीने घरात जो अविश्वास शिरतो तो नंतर सहज निघत नाही.

कोकेनसाठीची लघवीची प्राथमिक चाचणी इतर अनेक अमली पदार्थांच्या चाचण्यांपेक्षा अधिक नेमकी आहे. दातांच्या उपचारात वापरले जाणारे लिडोकेन हे नावाने जवळचे वाटले तरी रचनेने वेगळे आहे आणि त्यामुळे ही चाचणी पॉझिटिव्ह येत नाही. कोकाच्या पानांचा चहा घेतल्यावर मात्र ती येऊ शकते, तसेच नाक-घशाच्या शस्त्रक्रियेत कोकेनचा वैद्यकीय वापर झाला असेल तरही येते. नोकरी, मुलांचा ताबा किंवा खटला पणाला लागला असेल तेव्हा मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखण्याच्या तंत्रावर) आधारित खात्रीच्या चाचणीशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये.

केसांची चाचणी अगदी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. डोक्यावरचे केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे मुळाकडच्या तीन ते चार सेंटिमीटरमध्ये साधारण तीन महिन्यांचा इतिहास असतो. डोक्याच्या मागच्या भागातून, त्वचेला लागून, पेन्सिलीएवढ्या जाडीची बट कापतात आणि मुळाकडची बाजू खूण करून ठेवतात, कारण पुढे तिचे तुकडे करून महिनावार तपासणी करायची झाली तर दिशा कळणे आवश्यक असते. नियमित सेवनाचा दीर्घ काळ जाणून घेण्यासाठी ही चाचणी उपयुक्त आहे. परंतु केस त्वचेबाहेर येण्यास सुमारे आठवडा लागत असल्याने गेल्या आठवड्याबद्दल ती काही सांगत नाही, आणि एखाद-दुसऱ्या वेळी केलेले सेवन तिच्यातून निसटू शकते. केसांना रंग देणाऱ्या मेलॅनिनशी कोकेन बांधले जात असल्यामुळे काळ्या केसांत ते अधिक प्रमाणात साठते. म्हणून दोन व्यक्तींचे आकडे समोरासमोर ठेवून कोणी अधिक सेवन केले हे ठरवणे अन्यायाचे आहे. हवेतून किंवा हातांवरून केसांना बाहेरून कोकेन लागू शकते, त्यामुळे केस धुऊन घेणे आणि बेंझॉइलएक्गोनिन, नॉरकोकेन यांसारखे शरीरात तयार होणारे पदार्थही शोधणे गरजेचे असते.

उपचारातील माझा आक्षेप येथूनच सुरू होतो. दोन महिने निग्रहाने दूर राहिलेल्या व्यक्तीच्या केसांची संपूर्ण लांबी तपासली तर निकाल पॉझिटिव्हच येईल. डोक्यावरचे काही केस नेहमीच वाढ थांबलेल्या अवस्थेत असतात, त्यामुळे तीन महिन्यांनंतरही अंश सापडू शकतात. ज्या चाचणीत सुधारणा दिसायलाच इतका काळ लागतो, ती रोज प्रयत्न करणाऱ्या माणसाच्या हाती काय देणार? कोकेनच्या व्यसनावर मान्यताप्राप्त असे खास औषध नाही, आणि ज्या उपचारपद्धतीचे पुरावे सर्वांत भक्कम आहेत तिच्यात प्रत्येक निगेटिव्ह नमुन्यासाठी लगेच काही बक्षीस दिले जाते. ही पद्धत आठवड्यातून दोन ते तीन वेळा घेतलेल्या लघवीच्या नमुन्यांवरच चालते, कारण दोन ते चार दिवसांच्या कालावधीमुळे सेवन सहसा निसटत नाही आणि थांबलेले सेवनही लवकर दिसते.

या चारांपलीकडे घाम शोषणारी पट्टी आहे. ती त्वचेवर एक ते दोन आठवडे चिकटवून ठेवतात आणि तेवढ्या काळातील सेवन तिच्यात साठते. सतत देखरेख हवी असेल पण वारंवार नमुना देणे शक्य नसेल तर तिचा विचार करावा. नवजात बाळाच्या बाबतीत पहिल्या काळ्या शौचाची तपासणी गर्भारपणाच्या उत्तरार्धातील संपर्क दाखवते, तर बाळाची लघवी केवळ जन्मापूर्वीच्या काही दिवसांबद्दल सांगते.

निवड करताना मी असा क्रम धरेन. घटनेच्या वेळी शरीरात कोकेन होते का, हे हवे असेल तर रक्त, आणि ते शक्य नसेल तर लाळ. गेल्या काही दिवसांचा प्रश्न असेल किंवा उपचाराचा पाठपुरावा करायचा असेल तर लघवी, शक्यतो मोजलेल्या प्रमाणासह. गेल्या काही महिन्यांचा इतिहास खरोखरच निर्णयाला लागत असेल तरच केस, आणि तेही महिनावार तुकडे करून. किती ग्रॅम घेतले, नेमके कोणत्या दिवशी घेतले किंवा सेवन करणाऱ्याला व्यसन आहे का, हे यांपैकी कोणतीही एक चाचणी सांगत नाही. छातीत दुखणे, झटके किंवा कमालीची अस्वस्थता दिसत असेल तर कोणत्याच अहवालाची वाट पाहू नये; सेवनानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका अनेक पटींनी वाढतो, त्यामुळे रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि कोकेन घेतल्याची शंका असल्यास डॉक्टरांना ते स्पष्ट शब्दांत सांगावे.