‘जुनो-डीआय’च्या जागी ‘एक्सपीएस-३०’ : पावरीच्या टोनसाठी घेतलेला कीबोर्ड

रोलँडचा ‘जुनो-डीआय’ हा सिंथेसायझर २००९ मध्ये बाजारात आला आणि त्याचे उत्पादन थांबूनही आता बराच काळ लोटला आहे. तरीही माझ्या ओळखीच्या अनेक खान्देशी वादकांनी तो आजवर सांभाळून ठेवला आहे. पूर्ण आकाराच्या ६१ पट्ट्या, एकट्या माणसाला खांद्यावर नेता येईल इतके वजन, पेन ड्राइव्हवरचा मायनस ट्रॅक (गायकाचा आवाज वगळलेली गाण्याची साथ) थेट वाजवण्याची सोय आणि वीज गेल्यावर आठ पेन्सिल सेलवर चालण्याची तयारी, एवढे सगळे एका यंत्रात असल्यामुळे लग्नाच्या बँडपासून कानबाई या खान्देशी देवीच्या जागरणापर्यंत तो कुठेही चालत असे. माझ्या डीआयच्या मधल्या सप्तकातील काही पट्ट्या मात्र कितीही हलक्या हाताने दाबल्या तरी पूर्ण जोरात वाजू लागल्या. प्रत्येक पट्टीखाली रबरी पट्टीवर कार्बनचे दोन स्पर्शबिंदू असतात आणि ते एकामागून एक टेकण्यात किती वेळ गेला यावरून यंत्र दाबाचा अंदाज घेते. त्यातला एक झिजला की हा हिशेबच कोलमडतो. दुरुस्ती करणाऱ्याने जुन्याच पट्ट्या स्वच्छ करून दिल्या, परंतु आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीची लग्ने सुरू होताच दोष पुन्हा उद्‌भवला आणि नवी रबरी पट्टी काही मिळाली नाही.

पर्याय शोधताना टोनच्या संख्येला मी महत्त्व दिले नाही. एका वेळी १२८ स्वर डीआयमध्येही वाजत होते आणि त्यातले शंभर माझ्याकडून कधी वापरले गेले नसतील. मला हव्या होत्या तीन गोष्टी : पूर्ण आकाराच्या पट्ट्या, विजेशिवाय चालण्याची सोय आणि पावरी या फुंकून वाजवायच्या लोकवाद्याचा पटण्याजोगा आवाज.

पहिल्याच अटीत आटोपशीर म्हणून विकली जाणारी बरीच यंत्रे गळली. कोर्गचा ‘मायक्रोकोर्ग’ २००२ पासून नावाजलेला आहे आणि यामाहाची २०१५ मधील ‘रीफेस’ मालिका तर झोळीत मावते. परंतु दोन्हींच्या ३७ पट्ट्या लहान आकाराच्या आहेत. पेटीवरही तीन ते साडेतीन सप्तकेच असतात, त्यामुळे केवळ भजनाच्या साथीला ३७ पट्ट्या पुरतीलही, परंतु पेटीवर बसलेला हात अरुंद पट्ट्यांवर अडखळतो आणि डाव्या हाताने बेस धरायचा झाला तर जागाच उरत नाही. यामाहाचा ‘एमएक्स४९’ मला मनापासून आवडला. पट्ट्या पूर्ण आकाराच्या, सप्तके चार, वजन ३.८ किलो आणि आवाज यामाहाच्याच मोठ्या ‘मोटिफ एक्सएस’ सिंथेसायझरच्या घराण्यातले. मात्र त्याला सेल टाकता येत नाहीत. कोर्गचा ‘क्रॉस २’ सहा पेन्सिल सेलवर चालतो आणि ६१ पट्ट्या असूनही वजनाला हलका आहे, परंतु मला तो वापरलेला आणि हमीशिवायच मिळत होता. रोलँडने २०२४ मध्ये आणलेला ‘जुनो-डी६’ नावाने डीआयचा खरा वारस ठरतो. माझ्या मिळकतीच्या मानाने तो महाग आहे. ज्यांना कॉर्ड धरताच ताल आणि साथ आपोआप वाजायला हवी आहे, त्यांनी या वाटेला न जाता यामाहाचा ‘पीएसआर-आय५००’ पाहावा. त्यात भारतीय वाद्यांचे आवाज आहेत, रियाजाची वेगळी सोय आहे आणि स्पीकर अंगचेच आहेत.

अखेर रोलँडचाच ‘एक्सपीएस-३०’ घेतला तो पावरीमुळे. सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार-शिरपूरकडच्या वरातींत, पावरीचा सूर लागल्याशिवाय नाचणाऱ्यांचे पाय सुटत नाहीत. दुध्या भोपळा आणि शिंग जोडून केलेल्या या वाद्याचा आवाज सनईसारखा भासला तरी सनईपेक्षा भरड असतो, आणि कारखान्यातून आलेल्या टोनच्या यादीत तो मला कुठेही सापडलेला नाही. डीआयमध्ये बाहेर रेकॉर्ड केलेले आवाजाचे नमुने घेण्याची सोयच नव्हती. म्हणून एक सनई आणि एक रीड यांची जोडणी करून, फिल्टर अर्धा मिटवून मी काम भागवत असे. एक्सपीएस-३० मध्ये पेन ड्राइव्हवरून वेव्ह फाइल आत घेऊन ती पट्ट्यांवर बसवता येते. ओळखीच्या पावरीवादकाकडून वेगवेगळ्या उंचीचे लांब सूर रेकॉर्ड करून घेतले, प्रत्येकाच्या सुरुवातीची फुंकर ठेवून पुढचा निरर्थक भाग कापला आणि शेजारशेजारच्या पट्ट्यांना वाटून दिला. एकच सूर पाचही सप्तकांवर ताणला, तर वरच्या बाजूला तो पिपाणीसारखा केविलवाणा होतो; तो जितका कमी ताणावा तितका भरडपणा टिकतो. टोन तयार झाल्यावर उरतो तो बेंडर. रोलँडचा बेंडर म्हणजे दोन चाकांऐवजी एकच दांडी असते. ती आडवी सरकवली की सूर चढतो-उतरतो आणि पुढे ढकलली की त्याला कंप मिळतो. डाव्या अंगठ्याने सूर अर्ध्या पट्टीने खालून वर आणत त्याच हालचालीत कंप देता येतो, आणि पावरीची सारी लकब नेमकी तिथे आहे. चाके असलेल्या कीबोर्डांवर हे जमवणारे वादक मी पाहिले आहेत, माझ्या हाताला ते जमत नाही.

आठ फ्रेझ पॅडवर, म्हणजे बोटाने दाबायच्या चौकोनी बटणांवर, पेन ड्राइव्हमधील ध्वनिफिती लावता येतात. संबळाचे तुकडे, नवरदेव मांडवात शिरतानाची धून आणि दोन-तीन मायनस ट्रॅक मी त्यांवर ठेवले आहेत, त्यामुळे वेगळा मोबाइल मिक्सरला जोडावा लागत नाही. गायिकेने आयत्या वेळी काळी चारऐवजी काळी पाच मागितली, तरी ट्रान्सपोजचे बटण पुढ्यातच आहे. मायनस ट्रॅक मात्र त्यासोबत हलत नाही, हे ध्यानात ठेवून गायिकेशी आधीच ठरवून घ्यावे.

सेलच्या बाबतीत थोडी शिस्त लागते. साधे सेल न वापरता निकेल-मेटल हायड्राइड जातीचे, पुन्हा चार्ज होणारे आठ सेल घ्यावेत आणि ते सर्व एकाच कंपनीचे व एकाच वेळी घेतलेले असावेत, कारण त्यातला एक कमजोर निघाला तर बाकीच्या सातांचाही उपयोग होत नाही. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाईच्या जागरणाला पावसामुळे गल्लीतील वीज गेली तेव्हा ढोलकी आणि कीबोर्ड यांच्यावर गाणी चालू राहिली. लहान स्पीकरसुद्धा बॅटरीचाच होता. एवढ्यापुरते हे वाद्य डीआयच्या तोडीचे आहे.

उणिवाही आहेत. पट्ट्या हलक्या आणि काहीशा पोकळ वाटतात, पट्टी दाबून धरल्यावर आणखी दाब देऊन आवाज बदलण्याची सोय नाही, आणि वैशाखाच्या उन्हात बँडच्या उघड्या गाडीवर पडद्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत. शेवटच्या अडचणीवर माझा उपाय असा, की त्या दिवशी लागणारे टोन आदल्या रात्रीच फेव्हरिटमध्ये क्रमाने लावून ठेवतो आणि पडद्याकडे न बघता बटणे दाबतो. माझे डीआयमधले स्वतःचे पॅच (जुळवून साठवलेले आवाज) मात्र हाताने पुन्हा बांधावे लागले. अंगचे स्पीकर नाहीत, त्यामुळे घरच्या रियाजाला हेडफोन किंवा वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. पन्नास हजारांच्या पुढच्या यंत्राला बॅगही सोबत न मिळणे मला खटकले.

खरेदीच्या वेळी एका दुकानात मांडणीतला, कित्येकांनी हाताळलेला नग सीलबंद म्हणून पुढे करण्यात आला. बेंडरची दांडी सैल लागली म्हणून ते लक्षात आले. तेव्हा बिल होण्याआधी प्रत्येक पट्टी अगदी हळू आणि मग जोरात वाजवून पाहावी, बेंडर सोडल्यावर सूर जागेवर येतो का ते ऐकावे, आणि अॅडॅप्टर कंपनीचाच मागून घ्यावा. रोलँडच्या ९ व्होल्टच्या अॅडॅप्टरमध्ये मधली पिन ऋण असते, तर बाजारातील बहुतेक स्वस्त अॅडॅप्टरमध्ये ती धन असते. गाडीवरच्या घाईत कुणाचातरी अॅडॅप्टर उसना घेऊन लावण्यापेक्षा तेवढा वेळ सेलवर वाजवणे परवडते.