डोंबिवली पूर्वेची शहाळ्यांची गाडी: आजारी माणसाला भेटायला जाताना इथूनच घ्या

डोंबिवली पूर्वेला स्टेशनातून उतरून फडके रोडकडे निघालं की अलीकडेच एक हातगाडी लागते. पाटी नाही, नाव नाही. वर निळी ताडपत्री, खाली टरफलांचा ढीग आणि कोयता घेऊन उभे असलेले साठीचे काका, एवढीच खूण. एक शहाळं ७० रुपये. घासाघीस चालत नाही, आणि करूही नये.

मी तिथे गेले ते तिला डेंग्यू झाला होता म्हणून. चार वर्षं आम्ही एकमेकींच्या आहोत, पण तिच्या घरी मी ‘ऑफिसातली मैत्रीण’. माझ्या घरीही तेच. तिच्या प्लेटलेट्स ४८ हजारांवर आल्या त्या रात्री मी ठाण्याला माझ्या खोलीवर फोन हातात धरून बसले होते. निदान दीड लाख तरी असायला हव्यात हे तेव्हा पाठ झालं. हॉस्पिटलात सतत घरची माणसं, म्हणून गेले नाही. तिला घरी सोडल्यावर मात्र राहवेना.

आदल्या दिवशी ठाण्यात एकाकडून शहाळं घेऊन स्वतः पिऊन बघितलं होतं. पाणी आंबूस लागलं. तसलं तिच्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून डोंबिवलीला उतरून शोधायचं ठरवलं.

चार द्या म्हटल्यावर या काकांनी आधी विचारलं, “पेशंटसाठी का? काय झालंय?” डेंग्यू म्हटल्यावर पुढचा प्रश्न, “किडनीचा त्रास नाही ना? असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.” गिऱ्हाईक जाईल याची पर्वा न करता असं विचारणारा विक्रेता मला दुसरा भेटलेला नाही. शहाळ्याने प्लेटलेट्स वाढतात असलंही काही त्यांनी सांगितलं नाही. पोटात पाणी जात राहिलं पाहिजे, एवढंच म्हणाले. तिचे डॉक्टरही तेच सांगत होते.

मग त्यांनी विचारलं, “घरचं कोणी आहे का?”

मी म्हटलं, “हो, घरचंच आहे.” हे वाक्य मी त्याआधी कुणासमोर बोलले नव्हते.

काकांनी एकेक शहाळं उचलून कानाशी हलवलं, दोन बाजूला ठेवली, चार निवडली. मग वरची बाजू तासायला घेतली. हिरवं गेलं, खालचं पांढरं गेलं, आणि रुपयाच्या नाण्याएवढा पातळ पापुद्रा तेवढा राखला. “घरी कोयता कुठून आणणार? चमच्याचा दांडा दाबला की भोक पडेल. फोडलं की लगेच प्यायला द्या, ठेवून देऊ नका.” पिशवी मात्र ते देत नाहीत. आपली नेलेली बरी. मी शहाळी ओढणीत बांधून नेली.

दार तिच्या आईने, म्हणजे काकूंनी उघडलं. “अगं ये, ये! ठाण्याहून आलीस एवढ्यासाठी?” ती हॉलमधल्या दिवाणावर शाल घेऊन पडली होती. सलाईनची सुई होती तिथे मनगटावर निळं-जांभळं झालं होतं. मला ते मनगट हातात घ्यायचं होतं. मी काकूंकडे बघून विचारलं, “ताप उतरला का हो?” काकू म्हणाल्या, उतरलाय, पण ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायला सांगितलंय.

मी चमचा मागितला. दांडा दाबल्याबरोबर पापुद्रा टचकन फुटला, एक थेंबही सांडला नाही. स्टीलच्या फुलपात्रात पाणी ओतून मी तिला दिलं. घेताना तिने बोटं माझ्या बोटांवरून लगेच काढली नाहीत. काकू तिथेच उभ्या होत्या. ती सावकाश सगळं प्यायली. तीन दिवसांत तिने असं काही संपवलं नव्हतं, असं काकू म्हणाल्या. मग तिने मला विचारलं, “किती गोड आहे गं! कुठून आणलंस?” मी गाडीची खूण सांगितली. तेव्हापासून तिचे बाबा रोज तिथूनच आणतात.

वीस मिनिटांत चहा पिऊन मी निघाले. जास्त बसायला कारण नव्हतं.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले तेव्हा मी काही बोलायच्या आत काकांनीच विचारलं, “तुमच्या घरच्या पेशंटचं कसं आहे?”

त्या सगळ्या दिवसांत मला हे विचारणारे ते एकटेच. बाकी कुणाला माहीतच नव्हतं.

“९२ हजार झाल्या,” मी म्हटलं. “काल जिना उतरून खाली गेली होती.”

“मग आता मलईवाली न्या,” ते म्हणाले, आणि ढिगातून एकेक शहाळं उचलून कानाशी हलवायला लागले.